येझदीची टाकी: पहिली का चिरली, दुसरी कशी टिकली

वडिलांची येझदी रोडकिंग मोटरसायकल २०१२ च्या पावसाळ्यात आमच्या कोल्हापूरच्या घराच्या पडवीत उभी राहिली, ती नऊ वर्षं जागची हलली नाही. वडील गेले होते आणि मला त्या गाडीकडे बघवत नव्हतं. टाकीत तीनेक लिटर पेट्रोल तसंच राहिलं. २०२१ मध्ये टाकी उतरवून उन्हात धरली, तेव्हा पेट्रोलच्या कॉकच्या दोन्ही बाजूंना, अगदी तळाच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. पाणी साचतं ते तिथेच. रात्री हवा गार झाली की टाकीतल्या मोकळ्या जागेतल्या बाष्पाचे थेंब होतात, भिंतीवरून ओघळतात, पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतात आणि पत्रा आतून खातात. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. त्याचा पातळ थर पत्र्याला थोडंफार सांभाळतो, पण नऊ वर्षांच्या मुक्कामाला तो पुरला नाही.

रोडकिंग म्हैसूरच्या आयडियल जावाची. १९७८ पासून १९९६ ला कारखाना बंद होईपर्यंत ती बनत होती. त्यामुळे मूळची धड टाकी मिळणं नशिबाचा भाग. मला दाखवलेल्या दोन्ही टाक्या पुट्टीने भरून वर रंग मारलेल्या होत्या. शेवटी एका कारागिराकडून फायबरची टाकी करून घेतली. दिसायला सुरेख, वजनाला हलकी. दोन वर्षं काही त्रास झाला नाही. मग गाडी चढावर गुदमरू लागली. कार्बोरेटर उघडला तर जेटवर, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकावर, मधासारखा चिकट राळेचा थर. टाकीत बोट घातलं तर आतली भिंत नखाने खरवडली जात होती.

कारण पेट्रोल बदललं होतं. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. यातलं बरंचसं इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं आहे, आणि ऊस पिकवणारे माझे चुलतभाऊ आहेत, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण स्वस्तातली फायबर टाकी ज्या पॉलिएस्टर राळेने बांधतात, ती इथेनॉलला टिकत नाही. हळूहळू मऊ पडते, विरघळते आणि जेटमध्ये जाऊन बसते. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. ठरावीक प्रमाणाबाहेर पाणी झालं की ते पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून फुटून तळाशी उतरतात. मग पत्र्याची टाकी स्वतःच करायचं ठरवलं, पण तिच्याही तळाचा विचार पहिल्यापासून करावा लागणार होता.

मी फाउंड्रीत पॅटर्न मेकर आहे, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडी नमुना करणारा. लाकडातून नेमका आकार काढणं हे माझं रोजचं काम, पत्रा मात्र कधी हातात धरलेला नव्हता. म्हणून टाकी लाकडापासून सुरू केली. चेसिसच्या वरच्या नळीवर नेमका बसेल असा पाइनचा ठोकळा केला. ५२ सेंटिमीटर लांब, सर्वांत रुंद जागी २६, उंचीला २०. मूळ टाकीचा घाट ठेवला, फक्त गुडघ्यांच्या जागी थोडं जास्त आत घेतलं, कारण माझे पाय वडिलांपेक्षा लांब आहेत. ओतकामाचा पॅटर्न आम्ही बिडासाठी मीटरला साधारण १० मिलिमीटर मोठा करतो, धातू थंड होताना आकसतो म्हणून. इथे उलट: पत्रा ठोकळ्याच्या बाहेरून बसणार, म्हणून ठोकळा सगळीकडून पत्र्याच्या जाडीएवढा लहान. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं. पहिल्या फेरीत उजवीकडे मूठ टाकीला टेकत होती, म्हणून पुढचा खांदा १२ मिलिमीटर तासला. लाकडात हे दहा मिनिटांत झालं. पत्र्यात कळलं असतं तर आठवडा गेला असता.

टाकीत किती मावेल हेही ठोकळ्यानेच सांगितलं. त्याला मेणाचा हात देऊन काठोकाठ भरलेल्या पिंपात दाबून बुडवला आणि सांडलेलं पाणी मोजलं: साडेबारा लिटरच्या आसपास. त्यातलं सगळं वापरता येत नाही. पेट्रोल दर अंश तापमानाला हजारात एक भाग फुगतं. सकाळी पंपावर काठोकाठ भरलेली टाकी दुपारी उन्हात वीस अंश तापली, तर पाव लिटर जास्तीचं पेट्रोल कुठेतरी जायला हवं. म्हणून झाकणाची मान दोन सेंटिमीटर टाकीच्या आत उतरवली. पेट्रोल मानेच्या खालच्या काठाला टेकलं की भरणं थांबतं आणि वरच्या भागात हवेचा कप्पा राहतो.

पत्रा घेतला १.२ मिलिमीटरचा सीआरसीए (थंड लाटून, तापवून मऊ केलेलं पोलाद), म्हणजे १८ गेजच्या जवळपास. दुकानात नुसता सीआरसीए मागू नये, डीडी किंवा ईडीडी प्रत मागावी. ती खोल ओढण्यासाठीच मऊ केलेली असते. साधा डी प्रतीचा पत्रा गुडघ्याच्या खोलगट भागात मला दोनदा फाटला. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजत नाही म्हणून तोच वापर असा सल्ला एकाने दिला होता. तो घेतला नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेत जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. फाउंड्रीत पितळ ओतणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत असतो.

पत्रा घडवायला शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त डेंटरने. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून मोगरीने मधोमध ठोकत होतो. पत्रा खोल जात होता, पण मध्ये पातळ होत होता आणि कडा जशीच्या तशी. मामांनी मोगरी हातातून घेतली. "ताणू नगंस, गोळा करत ये," म्हणाले. त्यांनी कडेला पक्कडीने चुण्या पाडल्या आणि त्या एकेक करून मोगरीने लाकडी ओंडक्यावर जिरवल्या. कडा आखूड झाली की मधला भाग आपोआप फुगतो, आणि पत्र्याची जाडी कायम राहते. हे एकदा हाताला कळलं आणि काम निम्म्यावर आलं. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याची भांडी मठारताना मी लहानपणी पाहिलेली आहेत. एकाच लयीत, शेजारी-शेजारी पडणारे घाव. तो आवाज मला तेव्हा नक्षीचा वाटायचा. आता समजलं की ते घाव धातूला सरळ करतात, घट्ट करतात, आणि नक्षी मागाहून उरते. पोलादाचंही तसंच. ठोकून ठोकून ते कडक होतं. कडक झालेल्या जागी गॅसने लालसर ताव दिला की पुन्हा ऐकू लागतं.

वरचं कवच तीन तुकड्यांचं: दोन कुशी आणि मधली पाठ. तुकडे एकमेकांवर न चढवता कडेला कड भिडवून जोडले. एकावर एक चढवलेल्या सांध्यात आतल्या बाजूला बारीक फट राहते आणि पाणी तिथेच घर करतं. वेल्डिंगसाठी टिग मशीन (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉन वायूच्या आडोशाने वेल्ड करणारं) भाड्याने आणून पंधरा दिवस पडवीत पट्ट्या जोडण्याचा सराव केला. पंचेचाळीस अँपिअरच्या आसपास करंट, १.६ मिलिमीटरची टंगस्टन, मिनिटाला आठ लिटर आर्गॉन. दर तीन सेंटिमीटरला टॅक, म्हणजे वेल्डचा ठिपका, तेही एका ओळीत नाही, एक पुढे, एक मागे, एक मध्ये. ओळीने मारत गेलं की दोन्ही कडा कात्रीसारख्या एकमेकींवर चढतात. मिगने, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवत वेल्ड करणाऱ्या मशीनने, हे काम लवकर झालं असतं, पण मिगचा सांधा कडक येतो, त्यावर हातोडी चालवली तर तडकतो. टिगचा सांधा मऊ असतो, मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, लावून मठारता येतो.

आता ज्या भागामुळे हे प्रकरण लिहायला घेतलं, तो भाग.

टाकीच्या पोटाखालून चेसिसची नळी जाते, त्यासाठी उलट्या पन्हाळीसारखा भाग लागतो. कारागीर त्याला टनेल म्हणतात. टाकीचं सगळं वजन त्यावर आणि त्याच्या बाजूच्या पुढच्या दोन टेकूंवर असतं. मागे एक बोल्ट. टनेल बाहेरून दिसत नाही, त्यामुळे माझंही लक्ष कमी पडलं. कवचावर सहा रविवार गेले, टनेलवर एक. पुढच्या टेकूंसाठी ३ मिलिमीटर पट्टीचे काटकोनी तुकडे कापले आणि ते सरळ १.२ च्या पत्र्यावर वेल्ड केले. खाली रबर म्हणून घरात पडलेला जाड, कडक तुकडा लावला आणि बोल्ट घट्ट आवळले.

कॉक ज्यात फिरवून बसतो तो आट्यांचा तुकडा, म्हणजे बॉस, लेथवर करून घेतला होता. तो, झाकणाची मान आणि टेकू हे सगळं तुकडे उघडे असतानाच जोडून झालं. "आधी आतलं संपीव, मग तोंड शिव," असं मामा रोज बजावत होते. टाकी बंद झाल्यावर आतला वेल्डिंगचा चुरा काढायचा म्हणजे खडे घालून तासन्तास हलवत बसायचं.

गळतीची चाचणी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि हातपंप लावून केली, फक्त दोन पीएसआय दाबावर, साबणाचं पाणी लावून. दोन पीएसआय ऐकायला किरकोळ वाटतं. पण एका कुशीचं क्षेत्रफळ ८०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर तिच्यावर शंभर किलोच्या वर जोर पडतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची शंभर पीएसआय हवा थेट सोडली, तर तोच जोर साडेपाच टनांच्या पुढे जाईल आणि टाकी फुग्यासारखी फुगेल किंवा फाटेल. सात ठिकाणी बुडबुडे आले. सातही बंद केले.

पहिल्या फेरीला गाडी नवव्या किलोमीटरला बंद पडली. झाकण उघडलं तर फुस्स आवाज करून हवा आत गेली. बाजारातून आणलेल्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल खाली जातं तसं टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल उतरणं थांबतं. फोर-स्ट्रोकमध्ये यामुळे गाडी फक्त बंद पडते. येझदीत ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होण्याची तयारी. झाकणाला दीड मिलिमीटरचं भोक पाडलं, आत छोटी पट्टी आडवी लावली, म्हणजे हेलकाव्याने पेट्रोल बाहेर उडू नये. हे एक भोक मी विसरलो याची आजही चुटपुट वाटते, कारण साच्यातून हवा जायची वाट ठेवणं हे तर माझ्या धंद्यातलं पहिलं शिक्षण.

सातशे किलोमीटर झाले असतील. गगनबावड्याहून परतताना उजव्या गुडघ्याला पेट्रोलचा वास आला. थांबून हात घातला तर टनेल ओला. तापलेल्या सिलिंडरच्या थेट वर. चावी बंद केली, कॉक बंद केला, गाडी रस्त्याच्या कडेला झाडाच्या सावलीत ढकलली आणि पूर्ण गार होईपर्यंत तिच्याजवळ गेलो नाही. टेंपोत घालून घरी आणली.

उजव्या टेकूच्या कोपऱ्यापासून, वेल्डच्या अगदी काठावरून, अडीच सेंटिमीटरची चीर गेली होती. वेल्ड शाबूत, शेजारचा पत्रा फाटलेला. याचं गणित मांडलं तेव्हा मला आश्चर्य वाटायचं थांबलं. येझदीचं इंजिन चार हजार फेऱ्यांवर फिरतं तेव्हा तासाला दोन लाख चाळीस हजार धक्के बसतात. सातशे किलोमीटर म्हणजे पंधरा-सोळा तास, साधारण सदतीस लाख धक्के. भरलेल्या टाकीचं वजन, पेट्रोल नऊ किलो आणि पत्रा पाच, मिळून चौदा किलो. ते सगळं एका काटकोनी तुकड्याच्या टोकदार कोपऱ्याने पातळ पत्र्यात खुपसलेलं, आणि कडक रबर असून नसल्यासारखं. ३ मिलिमीटरची पट्टी वाकत नाही, म्हणून जे काही वाकायचं ते पत्रा वाकला, आणि तोही दरवेळी एकाच रेषेत.

चीर वेल्ड करून टाकावी असं मामांसकट सगळ्यांचं मत होतं. मी नको म्हटलं. पेट्रोल भरलेल्या टाकीला आग लावायची नाही, रिकाम्या टाकीला तर मुळीच नाही. भरलेल्या टाकीत हवा कमी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचं नेमकं मिश्रण तयार होतं, हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान वाफ असली की ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड, टाकीतून सहजासहजी निघत नाही, सांध्यांमध्ये आणि गंजाच्या थरात दडून बसते. धुऊन घेतलेली टाकी गरम होताना पुन्हा वाफ सोडू शकते. टाकी वाफेने धुऊन, पाण्याने भरून, उरलेल्या जागेत आर्गॉन सोडून हे काम करणारे कारागीर आहेत आणि त्यांना ते जमतं. माझ्या पडवीत ते होणार नव्हतं, आणि पडवीच्या भिंतीपलीकडे माझी आई झोपते.

शिवाय माझ्याकडे पॅटर्न होता. दुसरी टाकी करणं म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात नव्हती.

पहिली टाकी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुतली, आठवडाभर उन्हात उघडी ठेवली आणि मग पाण्याने काठोकाठ भरून हातकरवतीने, थंडच, कापली. आत काय झालं ते बघायचं होतं. बघितलं ते बरं झालं. कॉकच्या बॉसचं तोंड तळापेक्षा चार मिलिमीटर वर आलं होतं, त्यामुळे चारी बाजूंना एक बशी तयार झाली होती आणि तिथे सातशे किलोमीटरमध्येच तांबूस डाग पडले होते. वडिलांची टाकी खाल्ली त्याच जागी. डाव्या टेकूच्या कोपऱ्यालाही केसासारखी चीर सुरू झाली होती, अजून गळायची होती एवढंच.

दुसऱ्या टाकीत कवच तीन रविवारांत झालं आणि टनेलवर पाच घालवले. टेकू आता टनेलला थेट चिकटत नाहीत. आधी १.६ मिलिमीटरचा, तळहाताएवढा, गोल कोपऱ्यांचा पत्रा टनेलवर बसवून त्याची कड पूर्ण वेल्ड केली, आणि टेकू त्याच्या मधोमध. जोर एका कोपऱ्यात न साचता मोठ्या भागावर पसरतो. टेकूही पट्टीचा नाही. मऊ रबराचा गोळा ज्यात बसेल अशी वाटी लेथवर करून घेतली. मागच्या बोल्टला वर-खाली रबराचे वायसर आणि आत नळीचा तुकडा, म्हणजे बोल्ट कितीही आवळला तरी रबर ठरावीकच दाबलं जातं. टाकी हाताने हलवली तर दोन-तीन मिलिमीटर हलते. मामांना ते आवडलं नाही, "ढिली ऱ्हायली" म्हणाले. मला ती तशीच हवी होती.

कॉकचा बॉस तळाच्या सर्वांत खालच्या जागी, आतल्या बाजूने पत्र्याशी सपाट. तळाला कॉककडे थोडा उतार दिला. आतून फॉस्फोरिक आम्ल फिरवलं, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि केस वाळवायच्या मशीनने लगेच कोरडी केली. यात तासभर उशीर झाला तरी नवा पत्रा तांबूस होतो. शेवटी टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवलं. आतून लावायचं सीलर घेतलं नाही. फायबरची टाकी विरघळताना बघितल्यावर पेट्रोलमध्ये आणखी एक राळ ठेवायची माझी तयारी नव्हती, आणि सांधे चाचणीत कोरडे होते. बाहेरून टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग दिला, कारण एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पेट्रोलचा थेंब सांडला की तो मऊ पडतो.

रंग मात्र आरसी बुकात नोंदलेला तोच, काळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मज्जाव करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते कडकपणे वाचलं आहे. पंधरा वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी निरीक्षकासमोर न्यावी लागते. म्हणून मी चेसिसला एकही छिद्र पाडलं नाही, एकही नवा टेकू जोडला नाही. टाकी मूळच्या जागी, मूळच्या बोल्टांवर, मूळच्या घाटात बसते. कुणी लांबट, विचित्र आकाराची टाकी चेसिस कापून बसवायचा विचार करत असेल तर हे आधी वाचावं.

दोन्ही टाक्या मिळून खर्च साडेअकरा हजार झाला. त्यात टिग मशीनचं भाडं आणि आर्गॉन हाच मोठा वाटा, पत्रा दीड हजाराचा.

दुसरी टाकी बसवून आता चार हजार किलोमीटर झालेत, त्यात एक पावसाळा. आधी पाचशे किलोमीटरला आणि मग दर महिन्याला मी गाडी गार असताना टनेलखाली बोट फिरवतो, दोन्ही टेकूंच्या कडेने, आणि बोटाचा वास घेतो. महिन्यातून एकदा कॉक उघडून अर्धा पेला पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवतो. पाणी असेल तर तळाशी वेगळी रेषा दिसते. श्रावणात एकदा दिसली होती, मोहरीएवढी. लाकडी पॅटर्न पडवीत आढ्याला टांगून ठेवला आहे, वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल पाजून.